रात्रीच्या दर्यात थर्मल कॅमेरा: पडद्यावरचं चित्र नीट दिसायचं तर सेटिंग कशी ठेवायची?

रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर आपल्या समाजाचं आणि दर्याचं नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. कुणाची स्वतःची मच्छीमार बोट आहे, कुणाचा मुलगा कुवेत, दुबई किंवा सौदीत टगवर काम करतो, तर कुणाचा भाऊ बॉम्बे हायच्या तेलविहिरींना माल पोहोचवणाऱ्या जहाजावर खलाशी आहे. गेल्या काही वर्षांत टग, क्रू बोट, पायलट बोट आणि गस्ती बोटींच्या छपरावर एक गोल, चेंडूसारखा कॅमेरा दिसू लागला आहे. हाच थर्मल कॅमेरा. आपल्या बहुतेक मच्छीमार बोटींवर तो अजून नाही, कारण किंमत लाखांत जाते. पण नोकरीच्या ठिकाणी आपल्या मुलांच्या हातात तो रोज येतो.

अडचण अशी की कॅमेरा बसवला जातो, चालू केला जातो आणि कंपनीने दिलेल्या सेटिंगवर वर्षानुवर्षं तसाच चालत राहतो. चित्र धूसर दिसलं तर ‘कॅमेराच बेकार आहे’ असं म्हणून बंदही केला जातो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा पडद्याच्या सेटिंगमध्ये असतो. रात्री एखादा माणूस पाण्यात पडला, तर तो पडद्यावर दिसणार की लाटांत हरवून जाणार, हे बऱ्याच अंशी त्या दोन-चार बटणांवर ठरतं. म्हणून हा विषय आम्ही जरा सविस्तर मांडत आहोत.

हा कॅमेरा नेमकं काय पाहतो?

सर्वात आधी एक गैरसमज दूर करू. थर्मल कॅमेरा अंधारात ‘उजेड’ शोधत नाही. त्याला चंद्राचा प्रकाश लागत नाही आणि टॉर्चही लागत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरणं बाहेर टाकत असते. हा कॅमेरा त्यातली साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीची किरणं टिपतो आणि कुठे गरम, कुठे थंड याचा नकाशा पडद्यावर काढतो. चांगल्या सेन्सरला अंशाच्या विसाव्या भागाएवढा, म्हणजे सुमारे ०.०५ अंश सेल्सिअसचा फरकही कळतो.

यातून काही गोष्टी सरळ निघतात, त्या लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली, साधी काच या किरणांना आरपार जाऊ देत नाही. म्हणून कॅमेऱ्याची भिंग बहुधा जर्मेनियमची असते. केबिनच्या काचेमागे कॅमेरा ठेवून काही उपयोग नाही, त्यात काचच दिसेल.

दुसरी, पाणीही ही किरणं अडवतं. पाण्याखालचा खडक, बुडालेलं जाळं, पाण्याखालचं माणसाचं शरीर यातलं काहीच दिसणार नाही. पाण्याच्या वर जेवढं डोकं आणि खांदे असतील, तेवढेच दिसणार.

तिसरी, खरे रंग दिसत नाहीत. लाइफ जॅकेट केशरी आहे की निळं, हे कॅमेऱ्याला कळत नाही. समोरच्या बोटीचा दिवा लाल आहे की हिरवा, हेही कळत नाही. रात्री दिव्यांचे रंग म्हणजे जीव की प्राण. ट्रॉलिंग करणारी बोट वर हिरवा आणि खाली पांढरा दिवा लावते, दुसऱ्या पद्धतीने मासेमारी करणारी बोट वर लाल आणि खाली पांढरा. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. हे सगळं डोळ्यांनीच पाहावं लागतं. पडद्यावर दिसणारा लाल रंग हा यंत्राने भरलेला रंग आहे, धोक्याचा दिवा नव्हे.

सगळा खेळ २५६ छटांचा

आता मुद्द्याची गोष्ट. सेन्सर आतमध्ये तापमानातले हजारो बारीक फरक मोजतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत ही मोजणी १४ बिटची असते, म्हणजे १६,३८४ पायऱ्या. पण पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त २५६ छटा दाखवता येतात. म्हणजे आतली बरीचशी माहिती गाळून मगच चित्र आपल्यासमोर येतं. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे ठरवणं म्हणजेच सेटिंग.

एक सोपा हिशोब करून पाहू. समजा चित्रात वरचं मोकळं आकाश आहे. ते कॅमेऱ्याला खूप थंड दिसतं, धरा उणे २० अंश. त्याच चित्रात आपल्याच बोटीच्या धुराड्याचा कोपरा आला आहे, तो १०० अंश. समुद्राचं पाणी २८ अंश आणि पाण्यात पडलेल्या माणसाचा चेहरा ३३ अंश. आता २५६ छटा १२० अंशांवर सारख्या वाटल्या, तर माणूस आणि पाणी यांच्यातल्या ५ अंशांच्या फरकाला जेमतेम १० छटा मिळतात. राखाडी रंगात राखाडी ठिपका. थकलेल्या डोळ्यांना तो दिसणारच नाही.

आता कॅमेरा थोडा खाली वळवा. आकाश कमी झालं, धुराडं चित्राबाहेर गेलं. चित्रातलं तापमान २० ते ४० अंशांच्या मध्ये आलं. त्याच २५६ छटा आता फक्त २० अंशांवर वाटल्या जातात आणि त्याच ५ अंशांच्या फरकाला ६० पेक्षा जास्त छटा मिळतात. माणूस तोच, पाणी तेच, कॅमेराही तोच, पण ठिपका आता उठून दिसतो.

प्रत्यक्ष कॅमेऱ्यातली वाटणी याहून थोडी हुशार असते. ज्या तापमानाचे ठिपके चित्रात जास्त, त्याला जास्त छटा मिळतात. पण याचीही एक खोट आहे. समुद्रात बहुतेक चित्र पाण्याचंच असतं, त्यामुळे छटा लाटांवर खर्च होतात आणि एका लहानशा डोक्याच्या वाट्याला थोड्याच उरतात. म्हणून ‘ऑटोवर ठेवलंय, आता बघायला नको’ असं म्हणून चालत नाही.

क्रमाने सेटिंग करा

बटणं वाटेल तशी दाबण्यापेक्षा एका क्रमाने गेलं की काम लवकर होतं. मॉडेलप्रमाणे मेनूतली नावं थोडी वेगळी असतात, पण क्रम तोच.

१. आधी पडद्याचा उजेड कमी करा

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत हमखास होते. एक असतो पडद्याचा स्वतःचा उजेड, म्हणजे बॅकलाइट. दुसरी असते कॅमेऱ्याच्या चित्राची ब्राइटनेस. रात्री पडदा डोळ्यांवर आला की माणूस कॅमेऱ्याची ब्राइटनेस खाली आणतो. त्याने डोळ्यांना बरं वाटतं, पण चित्राचा गडद भाग पूर्ण काळा होतो आणि त्यात जे काही होतं ते गायब. बरोबर रीत अशी: पडद्याचा उजेड पडद्याच्या बटणाने किंवा नाइट मोडने कमी करा, कॅमेऱ्याची ब्राइटनेस आहे तिथेच राहू द्या.

यामागे डोळ्यांचंही कारण आहे. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि लख्ख पडद्याकडे काही सेकंद पाहिलं तरी ही कमाई वाया जाते. मग खिडकीबाहेर पाहिलं तर काळोखच दिसतो. वॉच सुरू होण्याच्या अर्धा तास आधीच पडदा मंद करून ठेवा. हाच नियम मोबाइललाही लागू, हे वेगळं सांगायला नको.

२. कॅमेरा खाली-वर करून क्षितिज जागेवर आणा

वरचा हिशोब पाहिलाच. क्षितिजाची रेषा चित्राच्या वरच्या भागात, साधारण वरून एक चतुर्थांश अंतरावर ठेवा. आकाश थोडं दिसलं पाहिजे, म्हणजे दूरची बोट क्षितिजावर कळते, पण अर्धं चित्र आकाशाचं नको. आपलाच रेलिंगचा पाइप, मास्ट किंवा धुराडं चित्रात येत असेल तर कॅमेरा तेवढा बाजूला वळवा. जागा ठरली की तीच ‘होम’ म्हणून सेव्ह करा. मग एका बटणावर कॅमेरा तिथे परत येतो.

३. प्रसंगाला साजेसा सीन निवडा

बोटीसाठी बनवलेल्या कॅमेऱ्यांत आधीच तयार केलेल्या सेटिंग असतात. नाइट रनिंग, डे रनिंग, नाइट डॉकिंग, मॅन ओव्हरबोर्ड किंवा सर्च अशी त्यांची नावं. या निव्वळ शोभेच्या नाहीत. छटांची वाटणी प्रत्येकीत वेगळी केलेली असते. डॉकिंगमध्ये धक्का, जवळच्या बोटी, दोर अशा मोठ्या आणि जवळच्या वस्तू स्पष्ट याव्यात हा हेतू, तर मॅन ओव्हरबोर्डमध्ये थंड पाण्यावर लहान गरम ठिपका उठून यावा हा हेतू. धक्क्याला लागताना लावलेला सीन बाहेर पडल्यावर बदलला नाही, तर रात्रभर चुकीचं चित्र पाहत बसावं लागतं. बंदराचा शेवटचा बोया ओलांडला की सीन बदलायचा, अशी सवयच लावून घ्या.

४. मग रंग ठरवा

रंगांच्या बाबतीत आवड बाजूला ठेवा. इंद्रधनुष्यासारखे रंग शोरूममध्ये छान वाटतात, पण समुद्रावर त्यांनी गोंधळ होतो. लाटेच्या प्रत्येक वळणाला नवा रंग येतो आणि डोळा कशावरच थांबत नाही.

रात्री साधं ‘व्हाइट हॉट’ बरं: गरम ते पांढरं, थंड ते काळं. आकाश थंड, म्हणून ते काळं राहतं आणि केबिनमध्ये उजेड पडत नाही. ‘ब्लॅक हॉट’मध्ये याच्या उलट, गरम ते काळं. त्यात किनारा, इमारती, डोंगर दिवसाच्या फोटोसारखे वाटतात आणि ओळखायला सोपे जातात, पण आकाश पांढरं फटक होतं. म्हणून ते दिवसा किंवा बंदराजवळ थोडा वेळ वापरावं. लाल रंगाचा पर्याय असेल तर काळ्या रात्री तो डोळ्यांना सगळ्यात कमी त्रास देतो, कारण अंधारात काम करणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी लाल रंगाला फारशा दाद देत नाहीत.

एक युक्ती मात्र जरूर ध्यानात ठेवा. संशयास्पद काही दिसलं तर रंग उलटा करून पाहा. व्हाइट हॉटमध्ये न जाणवलेला ठिपका ब्लॅक हॉटमध्ये कधी कधी चटकन नजरेत भरतो.

५. शेवटी गेन, कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस

हे सगळं झाल्यावरच बारीक सेटिंगला हात लावा. गेन किंवा कॉन्ट्रास्ट वाढवला की फरक ठळक होतो, पण दाणेही वाढतात. शार्पनेस किंवा डिटेल जास्त केलं की प्रत्येक लाटेला कडा येते आणि खरा ठिपका त्या गर्दीत लपतो. साधी कसोटी अशी: लाटा हलक्या राखाडी दिसाव्यात, त्यांचे दाणे चमकू नयेत आणि दूरचा बोया किंवा बोट स्पष्ट उठून यावी. एवढं झालं की थांबा.

आपलं पाणी गरम, म्हणून जास्त काळजी

हा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पाणी जितकं थंड, तितका माणूस थर्मल कॅमेऱ्यावर स्पष्ट. उत्तर समुद्रात हिवाळ्यात पाणी १० अंशांच्या खाली असतं. तिथे माणसाचा चेहरा दिव्यासारखा चमकतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर पाणी वर्षभर साधारण २६ ते ३० अंश असतं. फरक उरतो जेमतेम चार-सहा अंशांचा.

आखातात तर उन्हाळ्यात समुद्राचं पाणी ३२ ते ३५ अंशांपर्यंत तापतं. म्हणजे पाण्याचं आणि माणसाच्या कातडीचं तापमान जवळजवळ सारखंच. त्यात केस ओले असतील आणि वारा असेल, तर बाष्पीभवनाने डोकं पाण्यापेक्षाही थंड होऊ शकतं. अशा वेळी व्हाइट हॉटमध्ये माणूस पांढरा ठिपका म्हणून दिसत नाही, तो काळपट ठिपका म्हणून दिसतो किंवा दिसतच नाही. ‘पांढरं काही दिसत नाही, म्हणजे इथे कुणी नाही’ असा निष्कर्ष आखातात जीवघेणा ठरू शकतो. पांढरा किंवा काळा, जो ठिपका लाटांबरोबर येत-जात नाही आणि एका जागी टिकून राहतो, त्याच्याकडे लक्ष द्यायचं. आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांपर्यंत ही गोष्ट नक्की पोहोचवा.

हवेतल्या दमटपणाचाही परिणाम होतो. पावसाळ्याच्या आगेमागे हवेतली वाफ ही किरणं शोषून घेते, पल्ला कमी होतो आणि चित्र सपाट वाटतं. हलकं धुकं किंवा धूर असेल तर थर्मल कॅमेरा डोळ्यांपेक्षा पुढचं पाहतो. पण दाट धुकं आणि मुसळधार पाऊस त्यालाही अडवतो.

दिवसातून दोन वेळा आणखी सांभाळाव्या लागतात. फजरनंतर सूर्य वर येताना आणि मगरिबच्या सुमारास खडक, लाकडी होडी, बोया आणि पाणी यांचं तापमान काही वेळ सारखं होतं. दिवसभर तापलेली होडी संध्याकाळी निवते, रात्री थंड झालेली सकाळी तापू लागते आणि या प्रवासात मध्येच ती पाण्याच्या बरोबरीला येते. त्या वेळी वस्तू पडद्यावरून अक्षरशः पुसली जाते. कॅमेरा बिघडलेला नसतो. त्या वेळी रडार आणि डोळे यांवर जास्त भर द्यायचा, एवढंच.

झूम केल्याने माहिती वाढत नाही

पुष्कळ जण दूरचा ठिपका पाहण्यासाठी लगेच झूम करतात. बोटींवरच्या साध्या थर्मल कॅमेऱ्यातला झूम हा बहुधा डिजिटल असतो. म्हणजे तेच ठिपके मोठे करून दाखवणं. नवीन काहीच कळत नाही, उलट आजूबाजूचा समुद्र चित्राबाहेर जातो.

इथेही हिशोब करून पाहू. ३२० बाय २४० पिक्सेलचा आणि २४ अंश रुंदीचं चित्र दाखवणारा कॅमेरा घ्या. त्याचा एक पिक्सेल १०० मीटरवर सुमारे १३ सेंटिमीटर जागा व्यापतो, २०० मीटरवर २६ सेंटिमीटर आणि ५०० मीटरवर ६५ सेंटिमीटर. माणसाचं डोकं साधारण २०-२५ सेंटिमीटर. म्हणजे १०० मीटरवर ते दोनेक पिक्सेलचं, २०० मीटरवर एका पिक्सेलचं आणि ५०० मीटरवर पिक्सेलच्या अर्ध्याहूनही लहान. १० मीटर लांबीची होडी मात्र आडवी असेल तर १ किलोमीटरवरही सात-आठ पिक्सेलची दिसते. ६४० पिक्सेल रुंदीच्या सेन्सरमध्ये ही अंतरं दुप्पट होतात.

याचा अर्थ काय? जाहिरातीत ‘दोन किलोमीटर पल्ला’ लिहिलेला असतो, तो बहुधा बोटीसाठी असतो, पाण्यात तरंगणाऱ्या डोक्यासाठी नव्हे. माणूस शोधताना बोट हळू चालवून जवळून, पट्ट्या-पट्ट्यांनी पाणी तपासावं लागतं. झूम न करता पूर्ण चित्र ठेवायचं, कॅमेरा सावकाश फिरवायचा आणि ठिपका दिसला की मगच क्षणभर झूम.

हे बिघाड नव्हेत

नवीन मुलं काही गोष्टींना बिघाड समजतात. दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा बारीक आवाज येऊन चित्र क्षणभर गोठतं. कॅमेरा आतली झडप लावून स्वतःला पुन्हा जुळवून घेत असतो. हे होऊ द्यायचं. चित्रात उभ्या रेषा किंवा डाग दिसू लागले, तर मेनूमधून हीच क्रिया हाताने करता येते. शोध सुरू करण्याआधी एकदा ती करून घेतलेली बरी.

चित्र उलटं दिसत असेल, तर कॅमेरा खाली डोकं करून बसवलेला आहे आणि मेनूत तसं सांगितलेलं नाही. जुन्या केबलवरचं चित्र गुंडाळत वर सरकत असेल, तर पाल आणि एनटीएससी या दोन पद्धतींपैकी कॅमेऱ्यावर एक आणि पडद्यावर दुसरी लागलेली असते. दोन्हीकडे एकच करा. चित्र अडखळत हलत असेल, तर कॅमेरा ९ फ्रेम प्रति सेकंदाचा असू शकतो. निर्यातीच्या निर्बंधांमुळे अनेक मॉडेल याच गतीने विकली जातात. अशा कॅमेऱ्याला झटकन फिरवलं की चित्र पुसट होतं, म्हणून तो सावकाश फिरवायचा.

आणि सगळी सेटिंग करूनही चित्र मळकट असेल, तर भिंगेवर मीठ साचलं आहे का ते पाहा. गोड्या पाण्याने हलकेच धुवा, मग मऊ ओल्या कापडाने टिपून घ्या. कोरड्या फडक्याने घासलं तर मिठाचे कण वरच्या थरावर ओरखडे काढतात आणि ते परत भरून येत नाहीत. जोराच्या पंपाचं पाणीही मारायचं नाही. दिवसा काम नसताना कॅमेऱ्याचं तोंड खाली वळवून ठेवा. थेट सूर्याकडे रोखलेला सेन्सर खराब होऊ शकतो.

बंदरातच सराव करून ठेवा

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ जण होते. नौदलाला उसळत्या समुद्रात, रात्रीच्या काळोखात एकेक माणूस शोधावा लागला. अनेक घरांत त्या दिवसांची आठवण अजून ताजी आहे. अशा वेळी मेनू उघडून ‘हे बटण कशाचं?’ असं विचारायला सवड नसते.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ज्यांच्या बोटीवर कॅमेरा आहे, त्यांच्यासाठी शांत खाडीत सराव करण्याची हीच सवड. एक सोपा प्रयोग सांगतो. पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये कोमट पाणी, साधारण अंगाला लागेल इतकं, भरा. थोडी जागा रिकामी ठेवा म्हणजे तो तरंगेल. लांब दोर बांधून खाडीत सोडा. रात्री ५०, १०० आणि २०० मीटरवरून पडद्यावर पाहा. प्रत्येक सीन, प्रत्येक रंग लावून बघा. ज्या सेटिंगमध्ये कॅन सगळ्यात लवकर दिसला, ती सेव्ह करा आणि कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवा. कॅन पाण्यात थंड होतो, त्यामुळे हे काम अर्ध्या तासात उरका आणि कॅन समुद्रात न टाकता परत आणा.

बोटीवर एकट्या तांडेलालाच सेटिंग येते, असं नको. तोच पाण्यात पडला तर? किमान दोघांना, शक्यतो सगळ्यांना, मॅन ओव्हरबोर्डचा सीन लावता आला पाहिजे.

कॅमेरा डोळ्यांच्या जागी नाही

समुद्रावरची टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम सगळ्या जहाजांना लागू आहेत. त्यातला पाचवा नियम सांगतो की नजरेने, कानाने आणि उपलब्ध असलेल्या प्रत्येक साधनाने सतत पहारा ठेवला पाहिजे. कॅमेरा हे त्यातलं एक साधन. तो लावला म्हणून पहाऱ्यावरचा माणूस कमी करता येत नाही. मालक किंवा कंपनी तसं करू पाहत असेल, तर तो धोका आहे हे आपल्या मुलांनी ओळखलं पाहिजे.

माणूस पाण्यात पडलाच, तर कॅमेऱ्याचा नंबर नंतर लागतो. आधी ओरडायचं, लाइफबोय फेकायचा, जीपीएसवरचं मॅन ओव्हरबोर्डचं बटण दाबायचं आणि एकाने पाण्यातल्या माणसावरून नजर न हटवता हात त्याच्याकडे रोखून उभं राहायचं. मग व्हीएचएफच्या चॅनेल १६ वर हाक द्यायची. आपल्या किनाऱ्यावर मोबाइलची रेंज असेल, तर तटरक्षक दलाचा १५५४ हा टोल फ्री क्रमांक आहे. त्यानंतर थर्मल कॅमेऱ्यावर सीन बदलायचा आणि शोध सुरू ठेवायचा.

घरच्यांनाही आमची एक विनंती आहे. मुलगा सुट्टीवर आला की पगार आणि घराचं बांधकाम यांची चौकशी होतेच. त्यातच एकदा विचारा: रात्रीच्या वॉचला लाइफ जॅकेट घालतोस का, डेकवर एकटा जातोस का, बोटीवर कॅमेरा असेल तर तो तुला वापरता येतो का? येत नसेल तर हा लेख त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवा. पुढच्या वॉचच्या आधी पडद्याचा उजेड, क्षितिज, सीन आणि रंग या चार गोष्टी त्याने तपासल्या, तरी पुष्कळ झालं.